सागरी मार्ग, शीड आणि डुबकी

मुंबई-पुण्याचा माणूस कोकणात जातो तो बहुधा समुद्राकडे पाठ फिरवून. गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग डोंगरांच्या पायथ्याशी राहून धावतो. मुक्कामाचे गाव आल्यावर गाडी पश्चिमेला वळते आणि मग कुठे समुद्र दिसतो. गेल्या काही वर्षांत मात्र दोघांनीच गाडी काढून किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरायचे, मालवणात पाण्याखाली जायचे आणि गोव्यात शिडाच्या नौकेवर दोन दिवस काढून परतायचे, अशा सुट्टीची प्रथा रुळू लागली आहे. नवविवाहितांपासून मुले मोठी झालेल्या दांपत्यांपर्यंत सर्व वयाची मंडळी यात दिसतात. या सहलीचे वेळापत्रक घड्याळावर आणि किलोमीटरवर बेतले, तर ते हमखास कोलमडते. ते बेतावे लागते तिथीवर, वाऱ्यावर आणि पाण्याच्या दाबावर.

प्रथम रस्ता. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याला बिलगून जाणाऱ्या सागरी मार्गाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८०च्या दशकाच्या आरंभी पुढे आली. सुमारे पाचशे किलोमीटरचा हा मार्ग आजही सलग नाही. कोकणच्या नद्या आखूड, पण मुखाशी त्यांच्या खाड्या रुंद. मोठ्या खाड्यांवरच्या पुलांची कामे हाती घेण्यात आली असली, तरी प्रवाशाचा खरा आधार गाड्या वाहून नेणारी फेरीबोट हाच आहे. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि तासाभरात गाडीसह अलिबाग तालुक्यात उतरण्याची सोय झाली. पुढे आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड अशा चार फेऱ्या मोडाव्या लागतात. यांतील दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून चालू आहे. तिने दापोली आणि गुहागर ही दोन शेजारची, पण एकमेकांना परकी गावे खऱ्या अर्थाने शेजारी केली.

या रस्त्यावर ताशी तीस-पस्तीस किलोमीटरचा वेग पुष्कळ झाला. आरे-वारेच्या घाटीत समुद्र दोन्ही वळणांवर समोर उभा राहतो. तेथे वेग वाढवण्याची इच्छाही होत नाही. जयगडनंतर गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा आणि मालवण असा क्रम लागतो. मुंबईहून मालवण गाठायला निवांत तीन मुक्काम धरावेत. एका दिवसात हे अंतर कापू पाहणारे दांपत्य दाभोळच्या धक्क्यावर गाड्यांच्या रांगेत बसून एकमेकांवर चिडलेले दिसते. मे महिना, दिवाळी आणि नाताळ या काळात तर रांगेचा वेळ वेगळा धरलेलाच बरा. शेवटची फेरी किती वाजता सुटते, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे. ती चुकली, तर खाडीला वळसा घालण्यात पुढचा अर्धा दिवस जातो.

आता तिथी. कोकणचा कोळी भरतीची वेळ सांगताना छापील तक्ता पाहत नाही. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची वेळ तासांत निघते, असा जुना ढोबळ हिशेब आहे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. म्हणून त्या दिवशी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी साधारण सव्वापाचला. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, एवढाच या गणिताचा गाभा आहे. दक्षिणेकडे जाताना त्यात थोडा फरक पडतो, पण सहलीची आखणी करण्यापुरते ते पुरते. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात पायी जायचे, तर ओहोटीच हवी, आणि अष्टमीला ती भर दुपारी मिळते.

डुबकी मारणाऱ्यांच्या दृष्टीनेही तिथीला महत्त्व आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची ओढ वाढते, तळाचा गाळ उठतो आणि पाणी गढूळ होते. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती असते. तेव्हा पाणी कमी हलते आणि दूरचे दिसण्याची शक्यता वाढते. मालवणात जाऊन काहीच दिसले नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी पंचांग उघडून पाहिले, तर निम्म्या तक्रारींचा उलगडा तेथेच व्हावा.

वाऱ्याचा धडा शाळेच्या भूगोलात झालेला असतो. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे, रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात या किनाऱ्यावर सकाळ बहुधा शांत असते. दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो आणि समुद्रावर लाटांची पांढरी टोके दिसू लागतात. म्हणून डुबकी सकाळी आणि शीड दुपारी, हा साधा नियम. पावसाळ्यात दोन्ही बंद. मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते.

मालवणच्या समुद्राचे वेगळेपण त्याच्या खडकाळ तळात आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि १६६७ मध्ये तो पूर्ण झाला. जागा निवडताना भोवतालच्या बुडत्या खडकांचा विचार होता. वाट माहीत नसलेल्या परक्या जहाजाला तेथे शिरणे अवघड होते. ज्या खडकांनी किल्ला राखला, त्यांच्यावरच आज प्रवाळ आणि त्यांच्या आश्रयाने राहणारे मासे आहेत. १९८७ मध्ये या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. पोटापाण्याच्या प्रश्नामुळे स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला आहे, हेही येथे नोंदवायला हवे. पर्यटकाला दोन दिवसांची मौज मिळते ती याच मच्छीमारांच्या अंगणात.

मालवणात ‘स्कूबा’ या एकाच शब्दाखाली दोन निराळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे अर्ध्या तासाचा अनुभव. पाठीवर हवेची टाकी चढवतात, तोंडात नळी देतात, प्रशिक्षक मागून धरून काही मीटर खाली नेतो, छायाचित्रे निघतात आणि पर्यटक वर येतो. पोहता येण्याची अटही बहुधा नसते. दुसरी गोष्ट म्हणजे खरे प्रशिक्षण. तीन-चार दिवसांत आधी वर्ग, मग तलाव आणि शेवटी समुद्र, अशा क्रमाने ते दिले जाते. ते पूर्ण केलेल्या व्यक्तीला जोडीदारासह १८ मीटरपर्यंत जाण्याची पात्रता मिळते. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था असून तेथे सरावासाठी खास तलाव आहे. सुट्टी आठवड्याची असेल आणि दोघांनाही पाण्याची ओढ असेल, तर अर्ध्या तासाच्या अनुभवावर समाधान मानण्यापेक्षा हे चार दिवस देणे केव्हाही श्रेयस्कर. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा ‘आंग्रिया बँक’ हा बुडालेला प्रवाळमंच आहे. त्याचा माथाच पाण्याखाली वीस मीटरवर असल्याने नवख्याने त्याचे नाव फक्त ऐकावे.

पाण्याचा दाब हा या खेळाचा मूळ कायदा आहे. दर दहा मीटर खोलीला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे दहा मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. श्वास रोखून वर येणाऱ्याची फुप्फुसे त्यामुळेच फाटू शकतात. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला धडा. कान पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच दुखू लागतात. नाक चिमटीत धरून हळूच हवा कानात ढकलावी लागते. सर्दी असेल, तर हे जमत नाही आणि त्या दिवशी पाण्यात न उतरणेच योग्य. दमा, हृदयविकार किंवा अपस्माराचा इतिहास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. गर्भवतीने तर डुबकी मारूच नये; मधुचंद्रानंतर काही महिन्यांनी निघालेल्या जोडप्यांना हे कोणी आवर्जून सांगत नाही. प्रकृतीसंबंधीचा छापील अर्ज न वाचता सही करून देण्याची घाई अनेक जण करतात. तो अर्ज आपल्यासाठीच असतो.

पाण्याखाली कोणी एकटे जात नाही. जोडीने जायचे, असा जगभरचा दंडक आहे. उतरण्यापूर्वी एकाने दुसऱ्याचे पट्टे, टाकीतील हवा आणि श्वासाची नळी तपासायची. खाली दोघांनी हाताच्या अंतरावर राहायचे आणि एकाची हवा संपली, तर दुसऱ्याच्या जादा नळीतून घेत दोघांनी मिळून वर यायचे. बोलता येत नाही, म्हणून खुणा. येथे अंगठा वर करणे म्हणजे ‘छान’ नव्हे, तर ‘वर चला’. सारे ठीक असल्याची खूण अंगठा आणि तर्जनी जुळवून करतात. पती-पत्नीच्या जोडीत एक अडचण नेहमी येते. दोघांपैकी एकाला उत्साह फार असतो आणि दुसरा केवळ त्याचे मन मोडू नये म्हणून तयार होतो. भ्यालेला माणूस पाण्याखाली भराभर श्वास घेतो, त्याची हवा लवकर संपते आणि घाबरून तो वर झेपावतो. त्यासाठीच कोणीही, कधीही आणि कारण न देता डुबकी रद्द करू शकतो, असा नियम आहे. तो दोघांनी किनाऱ्यावरच एकमेकांना सांगून ठेवावा.

धोका केवळ पाण्याखाली नसतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. हंगामाचे ते शेवटचे दिवस होते. मेअखेरीस या किनाऱ्यावर पावसापूर्वीच्या लाटा उठू लागतात. बोटीत किती माणसे बसवली आहेत, प्रत्येकाला लाइफ जॅकेट मिळाले आहे का आणि ते अंगावर बांधले आहे की बाकाखाली पडले आहे, हे पाहायला कोणत्याही प्रशिक्षणाची गरज नाही. उत्तर समाधानकारक नसेल, तर पैसे दिलेले असले तरी उतरून जावे. माशांना जमवण्यासाठी पावाचे तुकडे टाकणारा आणि छायाचित्रासाठी प्रवाळावर उभे राहू देणारा चालकही टाळलेला बरा. प्रवाळाची वाढ अत्यंत मंद असते आणि एका पायाखाली कित्येक वर्षांची वाढ मोडते.

मालवणनंतर वेंगुर्ले आणि शिरोडे. १९३० चा मिठाचा सत्याग्रह शिरोड्याला झाला आणि वि. स. खांडेकर याच गावी शाळेत शिक्षक होते. पुढे तेरेखोलच्या खाडीवर गोव्याची फेरीबोट गाडी केरीच्या काठावर उतरवते. गोव्यात पणजीजवळ राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे आणि मांडवी-जुवारीच्या मुखाशी शिडाच्या लहान नौका शिकवणारेही आहेत. ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या शिडाच्या नौका गोव्यातच दिवाडी बेटावर बांधल्या गेल्या. ‘म्हादेई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तसे करणारे ते पहिले भारतीय. ‘तारिणी’तून दिलना के. आणि रूपा ए. या दोन नौदल अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परतल्या. आठ महिने एका नौकेवर दोघींनीच काढले, ही गोष्ट दोन दिवसांत सुकाणूवरून भांडणाऱ्या जोडप्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

लहान नौकेत एकाकडे सुकाणू आणि दुसऱ्याकडे शिडाची दोरी असते. वाऱ्याच्या थेट तोंडावर नौका जात नाही. तिला तिरपे घेत, नागमोडी वळणे देत पुढे न्यावे लागते. प्रत्येक वळणाला शिडाखालचा आडवा दांडा एका बाजूने दुसऱ्या बाजूला झपाट्याने फिरतो. सुकाणू धरणाऱ्याने आधी ओरडून सांगायचे आणि दुसऱ्याने डोके खाली घालायचे, एवढे पाळले, तरी पहिला दिवस टेंगुळाविना पार पडतो. नौका उलटलीच, तर पोहत किनारा गाठण्याचा प्रयत्न न करता तिला धरून राहावे. तरंगणारी नौका दुरूनही दिसते.

मालवण आधी आणि गोवा नंतर, या क्रमाला आणखी एक कारण आहे. खोल पाण्यात श्वासावाटे घेतलेला नायट्रोजन शरीरात मुरतो आणि नंतर हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघण्यापूर्वी माणूस उंचीवर गेला, तर त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून अर्धांगापर्यंत विकार संभवतात. यावर उपचारासाठी दाब वाढवणारा खास कक्ष लागतो आणि असे कक्ष देशातच मोजके आहेत. म्हणून एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवसांच्या डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानप्रवास करू नये, असा प्रचलित दंडक आहे. सुमारे सहाशे मीटरच्या वरच्या उंचीलाही तो लागू मानतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे आणि चोर्ल्याचा घाटही असाच उंच. सकाळी मालवणात पाण्याबाहेर पडून दुपारी आंबोलीमार्गे कोल्हापूर किंवा पुणे गाठण्याचा बेत, किंवा संध्याकाळी चिपी अथवा मोपा विमानतळावरून उड्डाण, प्रशिक्षण घेऊन खोल गेलेल्या जोडप्याने आखूच नये. अर्ध्या तासाच्या उथळ अनुभवात धोका अगदी कमी असला, तरी एक रात्र थांबणे इष्टच. शिडाचे दोन दिवस समुद्रसपाटीवरच जातात आणि तेवढ्यात शरीराला लागणारा अवधी मिळून जातो. तिसऱ्या दिवशी सकाळी न्याहारी करून घाट चढायला हरकत नाही.