दोन रंगांची निवड आणि शेटलंडच्या बायका



मागच्या थंडीत आमच्या गटाने लहान मुलांचे बारा स्वेटर विणले. लाल स्वेटरवर हिरवी नक्षी. लोकरीचे गुंडे शेजारी ठेवले तेव्हा किती छान दिसत होते! पण स्वेटर तयार झाले आणि चार पावलांवरून नक्षी दिसेचना. दुकानदाराने निम्म्या भावात घेतले. टाके चुकले नव्हते, रंग चुकले होते.

तेव्हा मी नक्षीच्या स्वेटरचा इतिहास वाचायला घेतला. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात शेटलंड बेटे आहेत. त्यांतल्या फेअर आयल या छोट्या बेटावरून या विणकामाला नाव मिळाले. तिथल्या मेंढ्यांची लोकर मुळातच पांढरी, करडी, तपकिरी, काळी. बाहेरून येणाऱ्या निळीने आणि मंजिष्ठाने गडद निळा व लाल रंग मिळायचा. स्वेटरवर कितीही रंग असले तरी एका ओळीत मात्र दोनच: एक मूळ रंग, एक नक्षीचा. ज्याचा टाका नसेल तो धागा मागून जायचा, त्यामुळे कापड दुहेरी आणि उबदार व्हायचे.

१५८८ साली एक स्पॅनिश जहाज या बेटावर फुटले. त्या खलाशांनीच नक्षी शिकवली, अशी दंतकथा आहे. तिला पुरावा नाही. पण बायकांच्या हातची विद्या खलाशांच्या नावावर जमा झाली, हे बघा! या बायका पाठीवर टोपली घेऊन चालता चालताही विणायच्या. व्यापारी मात्र मालाच्या बदल्यात रोख पैसे न देता चहा, कापड द्यायचे. १८७२ साली सरकारी चौकशी झाली, तेव्हा विणणाऱ्या बायकांनी स्वतः साक्षी दिल्या. पुढे १९२२ च्या सुमारास इंग्लंडच्या युवराजाने असा स्वेटर घातला आणि त्याची फॅशनच झाली.

आता आपली चूक कुठे झाली? लाल आणि हिरवा हे रंग वेगळे खरे, पण आमचे दोन्ही सारखेच गडद होते. नक्षी उठते ती गडद आणि फिक्या रंगांतल्या फरकाने. म्हणून लोकर घेताना दोन्ही धागे एकत्र पिळून डोळे किलकिले करून बघा. पीळ एकाच रंगाचा वाटला तर जोडी बदला. मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढला तरी लगेच कळते. मग दोन्ही रंगांचा हाताएवढा नमुना विणा आणि दाराबाहेर उन्हात, लांबून बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटवर विसंबू नका.

या वर्षी आम्ही गडद निळ्यावर पांढरी नक्षी घेतली आहे. नमुना गटाच्या वहीत टाचून ठेवला. शेजारी लोकरीचा खर्च, लागलेले दिवस आणि आपला भाव लिहिला. शेटलंडच्या बायकांना चहावर समाधान मानावे लागले. आपण आपला भाव आधी सांगू या.