नांवें तींच, आंकडे निराळे

दूरच्या संगणकाशीं जोडणी मागावी आणि ती मिळूं नये, हा प्रसंग नित्याचा आहे. अशा वेळीं कार्यप्रणाली आज्ञावलीच्या हातीं एक आंकडा देते. अपयशाचें कारण त्या आंकड्यावरून ओळखावयाचें असतें. हा आंकडा सर्वत्र एकच असता, तर एका प्रणालीवरील आज्ञावली दुसरीवर नेण्याचे पुष्कळ कष्ट वांचले असते. तो एक कां नाहीं, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत दोषांचे आंकडे १ ते ३४ इतकेच होते. संगणकांच्या जाळ्याचे दोष त्यांत नव्हते. बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या १९८३ च्या आवृत्तीनें ‘सॉकेट’ प्रचारांत आणले, आणि नव्या दोषांना ३५ पासून पुढचे आंकडे दिले. ‘ईकनरिफ्यूज्ड’, म्हणजे समोरच्यानें जोडणी नाकारली, हा दोष ६१ वा झाला. १९९१ सालीं जन्मलेल्या लिनक्समध्यें नांव तेंच राहिलें, पण आंकडा १११ झाला. १९९३ च्या विनसॉक नियमावलीनें विंडोजसाठीं बर्कलीच्या आंकड्यांत १०,००० मिळविले. तेथें तोच नकार १००६१ ठरला. शिवाय तो ‘एरनो’ या नेहमींच्या जागीं न पाहतां निराळ्या फलनास विचारून घ्यावा, असें ठरलें.

याहून चमत्कारिक गोष्ट ११ व ३५ यांची आहे. लिनक्समध्यें ११ चा अर्थ ‘तूर्त कांहीं नाहीं, पुन्हां या’, आणि ३५ चा अर्थ ‘परस्परांच्या प्रतीक्षेंत सर्व अडकले’. फ्रीबीएसडी व मॅकओएस यांत हे दोन अर्थ नेमके उलट आहेत. ज्यानें आज्ञावलींत नांवाऐवजीं आंकडा लिहिला, त्याची आज्ञावली नव्या प्रणालीवर क्षणभर थांबण्याऐवजीं चालती जोडणी तोडून टाकते. आणि वापरणारा बिचारा आपल्याच यंत्रास दोष देतो.

मग नांवें वापरलीं म्हणजे झालें काय? तेंही नाहीं. न थांबतां जोडणी मागितली असतां युनिक्स ‘काम चालू आहे’ असें कळवितें, तर विंडोज त्याच प्रसंगीं ‘थांबावें लागेल’ असें म्हणतें. २०१० च्या व्हिज्युअल सी++ नें तर ‘ईकनरिफ्यूज्ड’ हें नांव १०७ या आंकड्यासह स्वतःच दिलें. ‘हें नांव नसल्यास विनसॉकचा आंकडा घ्यावा’, अशी तजवीज ज्यांनीं पूर्वीं केली होती, त्यांची ती तजवीज निमूटपणें निष्फळ ठरली.

१९८८ च्या पॉझिक्स प्रमाणानें नांवें नेमून दिलीं व आंकडे ज्याचे त्याच्यावर सोपविले. हें धोरण आम्हांस योग्य वाटतें. कारण रूढ झालेले आंकडे बदलल्यास जुन्या आज्ञावली मोडतात. मात्र अर्थ जुळविण्याचा भार त्यामुळें आज्ञावली नेणाऱ्यावर येतो. परक्या आंकड्याचें भाषांतर प्रणालीच्या वेशीवरच, एकाच ठिकाणीं करावें, व आंत केवळ अर्थ जाऊं द्यावा, हाच त्यावर उपाय होय. २०१२ च्या पायथन ३.३ नें हेंच केलें: ६१, १११ वा १००६१ यांपैकीं कांहींही येवो, लेखकास एकच नांव दिसतें. नकार कोणत्या आंकड्यांत आला यापेक्षां तो नकार आहे, हें कळणें महत्त्वाचें.