जॉय डिव्हिजन

जॉय डिव्हिजन : इंग्लंडमधील मँचेस्टर व सॅल्फर्ड या औद्योगिक नगरांच्या परिसरात उदयास आलेला रॉक संगीतवृंद (कार. १९७६–८०). इअन कर्टिस (१५ जुलै १९५६–१८ मे १९८०, गायक व गीतकार), बर्नार्ड समनर (४ जानेवारी १९५६–, गिटार व की-बोर्ड), पीटर हुक (१३ फेब्रुवारी १९५६–, बेस गिटार) आणि स्टीव्हन मॉरिस (२८ ऑक्टोबर १९५७–, ड्रम) हे त्याचे चार सदस्य. वृंदाच्या हयातीत त्याची एकच दीर्घ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. दुसरी निघण्यापूर्वीच कर्टिसने आत्महत्या केली व वृंद संपुष्टात आला. या मृत्यूमुळे त्याच्या साऱ्या निर्मितीकडे शोकांतिकेची पूर्वसूचना म्हणून पाहण्याची प्रथा पडली. तथापि घटनाक्रम तपासला असता, चौघा तरुणांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाणीवपूर्वक घडविलेली एक नवी संगीतशैली आणि तिच्या ऐन बहरात एका गंभीर आजाराकडे झालेले दुर्लक्ष, अशा दोन वेगळ्या गोष्टी त्यात आढळतात.

उदय : १९७० नंतरच्या दशकात मँचेस्टरच्या कापडगिरण्या बंद पडत आल्या होत्या. जुन्या वस्त्या पाडल्या जात होत्या आणि तरुणांपुढे बेकारीचे सावट होते. ४ जून १९७६ रोजी तेथील लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये ‘सेक्स पिस्टल्स’ या लंडनच्या पंक वृंदाचा कार्यक्रम झाला. पंक संगीतात वादनातील प्रावीण्यापेक्षा जोम व उत्स्फूर्तता यांना महत्त्व असल्याने, वाद्य न येणाऱ्यांनाही वृंद काढण्याचे धाडस होऊ लागले. समनर व हुक या शाळासोबत्यांनी या कार्यक्रमापासून स्फूर्ती घेतली. जाहिरात वाचून कर्टिस त्यांना येऊन मिळाला. २९ मे १९७७ रोजी त्यांनी ‘वॉर्सा’ या नावाने पहिला जाहीर कार्यक्रम केला. हे नाव डेव्हिड बोवी याच्या एका रचनेवरून घेतले होते. त्याच वर्षी मॉरिस ड्रमवादक म्हणून दाखल झाला.

नावाशी साधर्म्य असलेला दुसरा वृंद लंडनमध्ये असल्यामुळे जानेवारी १९७८ पासून ‘जॉय डिव्हिजन’ हे नाव रूढ झाले. नाझी छळछावण्यांतील स्त्रियांच्या लैंगिक शोषणावरील हाउस ऑफ डॉल्स या कादंबरीतून ते उचललेले होते. त्यांच्या पहिल्या लघुमुद्रिकेच्या वेष्टनावर हिटलर युवक संघटनेतील ढोल वाजविणाऱ्या मुलाचे चित्र होते. त्यामुळे वृंदावर नाझीवादाविषयी सहानुभूती असल्याचा आरोप झाला. सदस्यांनी तो नाकारला. तथापि अत्याचारपीडितांच्या वेदनेचा असा धक्कातंत्रासाठी केलेला वापर आक्षेपार्ह होता, हे मान्य करावे लागते.

सांगीतिक वैशिष्ट्ये : दूरचित्रवाणी-निवेदक टोनी विल्सन याने १९७८ मध्ये स्थापन केलेल्या ‘फॅक्टरी’ या संस्थेने वृंदाला आश्रय दिला. खर्च वजा जाता नफ्याची निम्मी वाटणी, हे या संस्थेचे धोरण व्यापारी कंपन्यांच्या रीतीहून सर्वस्वी भिन्न होते. एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्ट येथील स्ट्रॉबेरी स्टुडिओत अननोन प्लेझर्स ही दीर्घ ध्वनिमुद्रिका मुद्रित झाली आणि जूनमध्ये तिच्या १०,००० प्रती काढण्यात आल्या.

रॉक संगीतात सामान्यतः गिटारकडे असणारी स्वरावली येथे बेस गिटारकडे आली. समनरच्या गिटारच्या गोंगाटात आपले वादन ऐकू यावे, म्हणून हुक वरच्या पट्टीत वाजवू लागला आणि या अडचणीतूनच वृंदाची ओळख ठरलेली शैली निर्माण झाली. गिटारचे काम तुटक आघातांपुरते उरले. मॉरिसचे ड्रमवादन यंत्रासारखे काटेकोर होते, तर कर्टिसचा आवाज खर्जाकडे झुकणारा होता. निर्माता मार्टिन हॅनेट याने ड्रमचे ध्वनी सुटे करून मुद्रित केले, विद्युत् उपकरणांनी त्यांना प्रतिध्वनी दिला आणि लिफ्टचा व काच फुटण्याचा आवाज यांसारखे ध्वनी त्यांत मिसळले. परिणामी वाद्यांमध्ये विस्तीर्ण, थंड पोकळी भासू लागली. रंगमंचावरील आपला आक्रमक नाद हरवल्याबद्दल हुक व समनर प्रारंभी नाराज होते. परंतु याच पोकळीने पंकच्या आवेशाला अंतर्मुख वळण दिले.

वेष्टनाची रचना पीटर सॅव्हिल याने केली. १९६७ मध्ये केंब्रिज येथे शोध लागलेल्या पहिल्या स्पंदकाच्या (पल्सरच्या) रेडिओ-स्पंदनांचा आलेख त्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांत छापला होता. हा आलेख खगोलशास्त्राच्या एका कोशातून घेतलेला होता. पुढे तो वृंदाची जणू मुद्राच बनला.

आजार व अखेर : मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात कर्टिस अपंगांना काम मिळवून देण्याचे काम करी. तेथे भेटलेल्या एका अपस्मारग्रस्त तरुणीवरून त्याने ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गीत रचले. डिसेंबर १९७८ मध्ये त्याला स्वतःलाच मोठा झटका आला आणि पुढील महिन्यात अपस्माराचे (फेफऱ्याचे) निदान झाले. जागरणे, प्रवास व प्रखर उघडमीट करणारे दिवे या रोगाला घातक असतात. वृंदाच्या व्यवसायात नेमक्या याच गोष्टी अटळ होत्या. औषधांचे दुष्परिणाम, खिन्नता आणि विस्कटलेला संसार यांची त्यांत भर पडली. रंगमंचावरील त्याच्या झटकेदार हालचाली इतक्या परिचित झाल्या होत्या, की नृत्य कोणते व रोगाचा झटका कोणता, हे प्रेक्षकांना कळत नसे. एप्रिल १९८० मध्ये त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. त्यानंतर दोनच दिवसांत बरी येथील कार्यक्रमात त्याला उभे करण्यात आले. त्याला पूर्ण गाता आले नाही आणि सभागृहात दंगल झाली. शेवटचा कार्यक्रम २ मे रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात झाला. अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यासाठी निघण्याच्या आदल्या दिवशी, १८ मे रोजी, कर्टिसने मॅकल्सफील्ड येथील राहत्या घरी जीवन संपविले.

मार्चमध्येच मुद्रित झालेली क्लोसर ही दुसरी दीर्घ ध्वनिमुद्रिका जुलै १९८० मध्ये निघाली व ब्रिटनच्या विक्रीक्रमात सहाव्या स्थानी पोहोचली. ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ हे गीत तेराव्या क्रमांकावर गेले. क्लोसरच्या वेष्टनावर जेनोआच्या दफनभूमीतील एका समाधिशिल्पाचे छायाचित्र आहे. ते श्रद्धांजली म्हणून योजले, असा समज झाला; प्रत्यक्षात त्याची निवड मृत्यूपूर्वीच झाली होती. कर्टिसच्या गीतांविषयीही हीच सावधगिरी आवश्यक ठरते. सहकाऱ्यांनी त्यांतील आर्त शब्द त्या वेळी काव्य म्हणून स्वीकारले. त्यांतील मदतीची याचना त्यांना उशिरा उमगली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे.

प्रभाव : एखादा सदस्य गेल्यास वृंदाचे नाव बदलावे, हा पूर्वसंकेत पाळून उरलेल्या तिघांनी ‘न्यू ऑर्डर’ हा वृंद स्थापन केला. गिलियन गिल्बर्ट ही त्यांत सामील झाली. त्यांचे ‘ब्लू मंडे’ (१९८३) हे गीत विद्युत्-नृत्यसंगीतात महत्त्वाचे ठरले. मॉरिसच्या यंत्रवत् लयीचाच तो पुढचा टप्पा होय. कर्टिसची पत्नी डेबरा हिने टचिंग फ्रॉम अ डिस्टन्स (१९९५) या आठवणींत संसाराची बाजू मांडली. त्यावर आधारित कंट्रोल (२००७) हा चित्रपट अँटन कॉर्बिन याने दिग्दर्शित केला. या दोन्ही कृतींमुळे दंतकथेतील शापित कवीऐवजी नोकरी, संसार व आजार यांच्या कात्रीत सापडलेला तेवीस वर्षांचा तरुण वाचक-प्रेक्षकांसमोर आला.