पडद्याच्या तळाच्या दोन ओळी

संगणकाच्या इतिहासांत मोठमोठ्या यंत्रांचा बोलबाला फार. लहान साधनांकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. 'नॅनो' हें असेंच एक लहान साधन आहे. ज्या पडद्यावर चित्रें नसतात, केवळ अक्षरें असतात व सर्व काम कळफलकावरून आज्ञा देऊन चालतें, त्याला टर्मिनल म्हणतात. तेथें लेखन करावयाचें, चूक सुधारावयाची आणि लिहिलेलें जपून ठेवावयाचें, तर टेक्स्ट एडिटर लागतो. नॅनो हा त्यांपैकीं नवशिक्याचा एडिटर. त्याची कथा शिकणाऱ्याइतकीच शिकविणाऱ्यासही उद्बोधक आहे.

आरंभीं नवशिक्याची फिकीर कोणास नव्हती. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन ह्यांनीं 'एड' नांवाचा एडिटर रचला. तेव्हां पडद्याऐवजीं टेलिटाइप यंत्र असे. तें कागदावर अक्षरें उमटवी, आणि तेंही सावकाश. म्हणून एडचें बोलणें अत्यंत तुटक. लिहिणाऱ्याची चूक झाली कीं उत्तर एकच, प्रश्नचिन्ह! काय चुकलें तें ज्याचें त्यानें ओळखावें. पुढें १९७६ सालीं बर्कली येथें बिल जॉय ह्यांनीं पडद्यावर चालणारा 'व्हीआय' तयार केला. जाणत्याच्या हातीं तो विलक्षण वेगानें चालतो. परंतु त्यांत लिहिण्याची अवस्था निराळी व आज्ञा देण्याची निराळी. हा भेद ठाऊक नसलेला माणूस लिहूं लागतो, तों त्याचीं अक्षरेंच आज्ञा समजलीं जातात. आणि बाहेर कसें पडावें हें त्याला उमगत नाहीं. चक्रव्यूहांत शिरलेल्या अभिमन्यूचीच ही गत!

ह्यावर उपाय निघाला तो कचेरींतील माणसांच्या गरजेंतून. १९८९ सालीं सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत प्रशासकीय कर्मचाऱ्यांसाठीं 'पाईन' नांवाची सोपी ई-मेल-व्यवस्था तयार होऊं लागली. हीं माणसें कांहीं संगणकशास्त्रज्ञ नव्हतीं. पाईनमध्यें पत्र लिहिण्याचा जो भाग होता, तोच पुढें 'पिको' ह्या नांवानें स्वतंत्र एडिटर झाला. त्यांत मुख्य आज्ञा पडद्याच्या तळाशीं दोन ओळींत सदैव लिहिलेल्या असत. कांहींच पाठ करावयास नको. मान किंचित् खालीं केली कीं उत्तर समोर.

परंतु पिकोच्या परवान्यांत एक अडचण होती. सुधारलेली प्रत इतरांस वाटण्याची पूर्ण मोकळीक त्यांत नव्हती, आणि म्हणून मुक्त सॉफ्टवेअरचें व्रत पाळणाऱ्या डेबियनसारख्या प्रणालीस तो आपल्या मुख्य संग्रहांत घेतां येईना. १९९९ सालीं क्रिस अॅलेग्रेटा ह्यांनीं तसाच एडिटर नव्यानें लिहून काढला. त्याचें पहिलें नांव 'टिप'. पण त्या नांवाची दुसरी आज्ञावली आधींच अस्तित्वांत असल्यानें जानेवारी २००० मध्यें 'नॅनो' हें नांव ठरलें. त्यांत विनोदही आहे: मोजमापाच्या परिभाषेंत नॅनो हें पिकोच्या हजारपट! २००१ सालीं नॅनो 'ग्नू' प्रकल्पांत सामील झाला. आज डेबियन, उबुंटू इत्यादि प्रणालींत तो सहज मिळतो.

त्याचा उपयोग करणें सोपें आहे. 'नॅनो' ह्या शब्दापुढें फाइलचें नांव टाइप केलें कीं फाइल उघडते आणि लगेच लिहितां येतें. तळाच्या ओळींतील टोपीसारखें चिन्ह म्हणजे कंट्रोलची कळ. तिच्याबरोबर 'ओ' दाबल्यास लेखन जपलें जातें, 'के' दाबल्यास ओळ कापली जाते, 'यू' दाबल्यास ती पुन्हां चिकटविली जाते, 'जी' दाबल्यास मदत मिळते आणि 'एक्स' दाबल्यास बाहेर पडतां येतें. लेखन जपावयाचें राहिलें असेल, तर निघण्यापूर्वीं नॅनो आपण होऊन विचारतो.

ह्या सोपेपणाचें मोल आपल्या भागांत अधिक. यवतमाळ जिल्ह्यांत पुसदला १९८३ सालीं व यवतमाळास १९९६ सालीं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. ज्याचें शालेय शिक्षण मराठींतून झालें, त्या विद्यार्थ्यास टर्मिनलची भीति वाटते ती बुद्धि उणी म्हणून नव्हे, तर वाट दाखविणारें कोणी जवळ नसतें म्हणून. तळाच्या दोन ओळींतील दहा-बारा इंग्रजी शब्द ओळखीचे झाले कीं ती भीति सरते.

मराठीपुरतें एक काम मात्र अपुरें आहे. २००६ सालच्या नॅनो २.० पासून युनिकोडमधील देवनागरी लिहिण्याची सोय झाली. परंतु अनेक टर्मिनलें प्रत्येक अक्षरास ठराविक मापाची चौकट देतात, त्यामुळें जोडाक्षरें तुटतात आणि मात्रा सरकतात. हा दोष बहुतांशीं टर्मिनलचा आहे. लिनक्सवरील बहुतेक टर्मिनलांचें आणि नॅनोचें मूळ लेखन सर्वांस खुलें आहे; तें वाचावयास व सुधारावयास कोणाची परवानगी लागत नाहीं. पिकोच्या बंधनामुळें एका माणसानें नवा एडिटर लिहिला. देवनागरीच्या ह्या उणिवेसाठीं तेवढेही कष्ट नकोत; मराठी जाणणाऱ्या कोणीतरी तें काम हातीं घेतलें पाहिजे, इतकेंच.