दंड आणि ऐपत

यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे गाव दगडी कोळसा आणि चुना या दोन जिनसांवर पोसले गेले असल्यामुळे पंचक्रोशीत त्याची ओळख ‘राजूर कॉलरी’ अशीच आहे. आणि ज्या गावाचा चरितार्थ मालाच्या ने-आणीवर चालतो, त्याचा सरकारी दंडाशी संबंध इतर गावांहून अंमळ अधिक यावा, हे ओघानेच आले.

वऱ्हाडात निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दुअंमली होती, त्या काळच्या मराठी न्यायपद्धतीत वाद हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ आणि जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ वसूल होत असे, व रक्कम ठरविताना इसमाची ऐपत पाहण्याचा प्रघात होता. त्याचे फार गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. कारण ज्या परंपरेतून तो आला, तिच्यात ऐपतीबरोबर जातही मोजली जाई. ब्राह्मणास अपशब्द बोलल्याबद्दल मनुस्मृती क्षत्रियास शंभर पण, वैश्यास दीडशे किंवा दोनशे पण दंड सांगते आणि शूद्रास थेट शारीरिक शिक्षा!

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, आणि मागाहून १८६० ची दंडसंहिता आली. कायद्यापुढे सर्व समान, असा तिचा डौल. परंतु गोऱ्या आरोपीला निम्मे तरी युरोपियन वा अमेरिकन पंच असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क १८८४ च्या कायद्याने मिळाला होता, आणि फौजदारी कायद्यातील वर्णभेदाचे उरलेसुरले अवशेष १९४९ साली, म्हणजे स्वातंत्र्यानंतर, काढून टाकावे लागले. वर्णभेद गेला, धनभेद कलमांतच राहिला. केवळ दंडाच्याच शिक्षेचा गुन्हा असेल, तर पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडाच्या कसुरीस दोन महिने आणि शंभरापर्यंत चार महिने साधी कैद, असे कलम ६७ सांगे. श्रीमंताने पैसे टाकून घरी जावे आणि मजुराने तेवढ्याच अपराधासाठी तुरुंगात बसावे, याला समता म्हणण्यास बरीच विद्वत्ता लागते. २०२४ साली अमलात आलेल्या न्यायसंहितेने रकमा पाच हजार व दहा हजार केल्या. दोन व चार महिने तसेच ठेवले.

नवल हे की, ऐपतीचा विचार इंग्रजी अमदानीला अगदीच परका नव्हता. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने मालकाने कामगारास करावयाच्या दंडाला रुपयामागे अर्ध्या आण्याची, म्हणजे वेतनाच्या बत्तिसाव्या हिश्शाची, मर्यादा घातली. पंधरा वर्षांखालील मुलास दंड करता येत नसे, दंडाची वसुली हप्त्याने होत नसे, प्रत्येक दंडाची नोंद रजिस्टरात करावी लागे आणि जमलेली रक्कम कामगारांच्याच हिताकडे लावावी लागे. हा कायदा पुढे खाणींनाही लागू झाला. म्हणजे खाणीच्या फाटकाच्या आत दंड पगाराच्या मापाने मोजला जाऊ लागला, आणि फाटकाबाहेरच्या सडकेवर मात्र तो सर्वांना एकाच आकड्याने! मालकाचा हात बांधणाऱ्या सरकारने स्वतःचा हात मोकळा ठेवावा, ही गोष्ट मला अनवधानाची वाटत नाही.

सडकेचा कायदा १९३९ चा, मग १९८८ चा. त्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने विनापरवाना वाहन चालविण्यास पाच हजार, आणि जादा भारास वीस हजार व शिवाय दर जादा टनामागे दोन हजार रुपये दंड ठेवला. कोळशाचा ट्रक शिगोशीग भरण्यात नफा कोणाचा आणि चालान हाती पडते कोणाच्या, हे राजुरात कोणास समजावून सांगावे लागत नाही. फिनलंडने दंड दिवसाच्या मिळकतीशी जोडला तो १९२१ साली. आपल्या दुरुस्तीतही वाढीची तजवीज आहेच: दरवर्षी १ एप्रिलला दंड दहा टक्क्यांपर्यंत वाढविता येतो आणि राज्य सरकारला एक ते दहा असा गुणकही लावता येतो, त्या गुणकात ड्रायव्हरचा पगार मात्र कोठेही धरलेला नाही.