पुन्हा अंक पहिला

सप्टेंबर २०११मध्ये अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या दुकानांत ‘ॲक्शन कॉमिक्स’चा ताजा अंक आला, तेव्हा मुखपृष्ठावर आकडा होता १. आदल्याच महिन्यात याच मासिकाचा ९०४वा अंक निघाला होता. १९३८मध्ये सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला तो याच मासिकात, आणि तेव्हापासून त्याची मोजणी कधी मागे फिरली नव्हती. बॅटमॅनचं घर असलेलं ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ही ८८१व्या अंकावर थांबवून १ वर आणलं गेलं. डीसी कंपनीनं आपली ५२ मासिकं एका झपाट्यात पहिल्या अंकापासून सुरू केली होती. या उपक्रमाचं नाव ‘न्यू ५२’.

जुने वाचक चिडले ते केवळ आकड्यासाठी नव्हे. सुपरमॅन आणि लोइस लेन यांचं १९९६मध्ये लागलेलं लग्न नव्या कथाविश्वात झालंच नव्हतं. १९८६पासून फ्लॅशचा वारसा चालवणारा वॉली वेस्ट दिसेनासा झाला. वाचकांनी या माणसांबरोबर निम्मं आयुष्य काढलं होतं, आणि आता ते सगळं पुसून टाकण्यात आलं होतं.

एके काळी मात्र प्रकाशक पहिला अंक काढायलाच कचरत असत. तेव्हा कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या ठेल्यांवर आणि औषधांच्या दुकानांत विकली जात. नवं मासिक चालेल की नाही याची विक्रेत्याला खात्री नसे. मोठा आकडा दिसला की हे टिकलेलं मासिक आहे असा भरवसा वाटे. त्यात टपालाचा खर्च. नियतकालिकांसाठीच्या सवलतीच्या दरानं अंक पाठवायचे तर प्रत्येक नव्या मासिकासाठी वेगळा परवाना काढावा लागे. म्हणून बंद पडलेल्या मासिकाचा क्रमांक नव्याला चिकटवण्याची युक्ती सर्रास चाले. ईसी कंपनीचं ‘मून गर्ल’ हे साहसकथांचं मासिक आधी प्रेमकथांचं झालं आणि १३व्या अंकापासून ‘वीयर्ड फँटसी’ या नावानं विज्ञानकथा छापू लागलं. १९५९मध्ये फ्लॅशला पुन्हा स्वतःचं मासिक मिळालं, तेव्हा नायक नवा होता, पोशाख नवा होता. पण अंक होता १०५वा, कारण जुन्या फ्लॅशचं मासिक दहा वर्षांपूर्वी १०४वर थांबलं होतं.

१९६८मध्ये मार्व्हलनं ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’ हे मासिक ९९व्या अंकावर थांबवलं. त्यात कॅप्टन अमेरिका आणि आयर्न मॅन एकत्र नांदत होते. आता दोघांची घरं वेगळी झाली. जुना क्रमांक कॅप्टन अमेरिकेच्या वाट्याला गेला आणि त्याचं मासिक १००व्या अंकापासून सुरू झालं. आयर्न मॅनला १ मिळाला.

हे चित्र पालटलं ते विक्रीची पद्धत बदलल्यामुळे. ठेल्यावर न विकलेले अंक प्रकाशकाकडे परत जात. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या फिल सूलिंग यांनी फक्त कॉमिक्स विकणाऱ्या दुकानांसाठी वेगळी व्यवस्था उभी केली: सवलत जास्त, पण माल परत घेणार नाही. दुकानदार दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवणार आणि उरलेल्या गठ्ठ्याचा तोटा स्वतः सोसणार. प्रकाशकाची विक्री आता दुकानदाराच्या अंदाजावर ठरू लागली. पहिला अंक कुतूहलानं खपतो, संग्राहक तो हमखास घेतात, दुसऱ्या अंकापासून मागणी उतरत जाते, हे प्रत्येक दुकानदाराला ठाऊक. त्यामुळे तो पहिल्या अंकाची मागणी चढी नोंदवतो. प्रकाशकाला मोह पडतो तो इथेच.

१९९०-९१मध्ये हा मोह अनावर झाला. टॉड मॅकफार्लेन यांच्या ‘स्पायडर-मॅन’ अंक १च्या सुमारे २५ लाख प्रती गेल्या. पुढच्या वर्षी ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाच मुखपृष्ठांसह आला आणि ८० लाखांच्या वर गेला. त्यातल्या असंख्य प्रती वाचकांपर्यंत पोचल्याच नाहीत; पुढे भाव येईल या आशेनं त्या खोक्यांत पडून राहिल्या. भाव आला नाही. शेकडो दुकानं बंद पडली आणि डिसेंबर १९९६मध्ये खुद्द मार्व्हलनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

एवढं होऊनही धडा घेतला गेला नाही. त्याच १९९६मध्ये मार्व्हलनं ‘फँटॅस्टिक फोर’, ‘अ‍ॅव्हेंजर्स’, ‘आयर्न मॅन’ आणि ‘कॅप्टन अमेरिका’ ही चार मासिकं बाहेरच्या स्टुडिओंकडे सोपवून १पासून काढली, आणि साधारण वर्षभरानं ती परत घेऊन पुन्हा १पासून काढली. १९६३पासून चाललेलं ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ १९९९च्या सुरुवातीला १वर आलं. २००३मध्ये सगळे अंक जोडून ५००वा काढला गेला, कारण ५०० हा आकडाही विकतो. २०१२च्या शेवटी ७००वर मासिक थांबलं. त्यानंतर २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ अशा पाच वेळा याच नावाचा पहिला अंक निघाला. २०१४च्या पहिल्या अंकाला दुकानांकडून पाच लाखांहून अधिक प्रतींची मागणी आली. हिशेबाच्या वहीत असा आकडा दिसल्यावर पुढचा पहिला अंक कोण थांबवणार?

कंपन्या कारण सांगतात नव्या वाचकाचं: सातशेवा अंक पाहून तो बिचकतो, त्याला आत शिरायला सोपं दार हवं. कारण ऐकायला रास्त आहे, पण कमला खानची कथा वाचू पाहणाऱ्या शाळकरी मुलीचा विचार करावा. जर्सी सिटीत राहणाऱ्या या पाकिस्तानी-अमेरिकन मुलीचं ‘मिस मार्व्हल’ २०१४मध्ये सुरू झालं, २०१५मध्ये पुन्हा १वर आलं आणि २०१९मध्ये नाव जरा बदलून तिसऱ्यांदा. दुकानात तीन ‘पहिले’ अंक दिसतात. सुरुवात नेमकी कुठून करायची? ‘अनबीटेबल स्क्विरल गर्ल’चे तर २०१५ या एकाच वर्षात जानेवारीत आणि ऑक्टोबरमध्ये असे दोन पहिले अंक निघाले, तेही लेखक आणि चित्रकार तेच असताना. मुंबईत वाढणाऱ्या पवित्र प्रभाकरचा ‘स्पायडर-मॅन: इंडिया’ २००४मध्ये चार अंकांत आटोपला, २०२३मध्ये त्याचा दुसरा पहिला अंक आला आणि ती मालिका पाच अंकांत संपली. पात्रानं मूळ धरायच्या आतच मालिका संपते, आणि वाचक जीव लावायला कचरू लागतो.

नव्यानं सुरुवात करणं हाच गुन्हा आहे असं कुणी म्हणत नाही. १९८७मध्ये जॉर्ज पेरेझ यांनी ‘वंडर वुमन’ १पासून सुरू केली, तिला ग्रीक पुराणकथांचा भक्कम पाया दिला आणि पाच वर्षं ती लिहिली. तिथे पहिला अंक खरोखर पहिला होता. आज राग येतो तो कथेला गरज नसताना, केवळ तिमाहीच्या विक्रीसाठी छापलेल्या आकड्याचा. दर महिन्याला दुकानात आपली प्रत राखून ठेवायला सांगणारा वाचक हाच या धंद्याचा कणा आहे, आणि मालिका संपवून त्याला अंक सोडून द्यायची सोयीस्कर संधी कंपनीच वारंवार देते.

हे कंपन्यांना कळत नाही असंही नाही. २०१६मध्ये डीसीनं ‘रीबर्थ’च्या निमित्तानं माघार घेतली. वॉली वेस्ट परतला. ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जुन्या ९०४ अंकांत ‘न्यू ५२’चे ५२ मिळवून ९५७वा अंक काढला, आणि एप्रिल २०१८मध्ये हजारावा अंक साजरा झाला. मार्व्हलनं मधला मार्ग काढला: मुखपृष्ठावर नवा क्रमांक आणि शेजारी बारीक अक्षरांत जुन्या मोजणीचा क्रमांक.

त्याच २०१८मध्ये अल ईविंग यांनी लिहिलेल्या ‘इमॉर्टल हल्क’चा पहिला अंक आला. हल्कची भयकथा म्हणून नव्यानं मांडणी करणारी ही मालिका एकाच लेखकानं ५० अंक नेटानं चालवली आणि ऑक्टोबर २०२१मध्ये पूर्ण केली. जुने-नवे वाचक तिच्याबरोबर शेवटपर्यंत राहिले. पुढच्याच महिन्यात नव्या चमूचा ‘हल्क’ १ दुकानांत आला. तो १४ अंक चालला. जून २०२३मध्ये ‘इन्क्रेडिबल हल्क’ निघालं, अंक पहिला.