सरकारी आरोग्य योजनेसाठी कोणता क्रमांक लागतो? आधार, रेशनकार्ड, आभा आणि आयुष्मान कार्ड

शस्त्रक्रिया ठरली की नातेवाईक घरातली सगळी कार्डे गोळा करतात. तरीही योजनेच्या खिडकीवर नेमका हवा तो कागद नसतो. प्रत्येक क्रमांकाचे काम वेगळे आहे, ते आधी समजून घ्या.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना एकत्रित राबवल्या जातात. योजनेत ठरवून दिलेल्या उपचारांसाठी अंगीकृत रुग्णालयात कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पिवळ्या व केशरी कार्डांबरोबर पांढऱ्या रेशनकार्डधारकांनाही योजनेत घेतले आहे.

कोणता क्रमांक कशासाठी?

- आधार (१२ अंकी): रुग्ण नेमका कोण, हे यावरून कळते. फक्त आधार दाखवल्याने कुटुंबाची पात्रता ठरत नाही. अपवाद ७० वर्षांवरील व्यक्तींचा, तो पुढे दिला आहे.
- रेशनकार्डाचा ऑनलाइन क्रमांक (हाही १२ अंकी): रुग्ण कोणत्या कुटुंबातला, हे यावरून ठरते. जुन्या कार्डांवर तो छापलेला नसतो. रेशन दुकानदाराकडे किंवा तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात विचारा.
- आयुष्मान कार्ड: पात्रता तपासून, आधारची ई-केवायसी झाल्यावर मिळते. घरातल्या प्रत्येकाचे कार्ड वेगळे असते.
- आभा क्रमांक (१४ अंकी): तुमचे रिपोर्ट आणि औषधचिठ्ठ्या डिजिटल स्वरूपात जोडण्यासाठी आहे. हा विमा नव्हे. आभा कोणालाही काढता येतो. तो असला म्हणून मोफत उपचार मिळत नाहीत आणि नसला म्हणून पात्रता जात नाही.

नेहमी येणाऱ्या अडचणी

*रेशनकार्डावर नाव नाही.* लग्न होऊन आलेली सून आणि लहान मुले यांच्या बाबतीत हे वारंवार दिसते. आजारपणाची वाट न पाहता नाव चढवून घ्या. नवजात बाळासाठी जन्मदाखला आणि आईवडिलांची कागदपत्रे जवळ ठेवा.

*नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही.* आधार आणि रेशनकार्डावरील नोंदी शेजारी ठेवून तपासा. फरक असेल तर आधीच दुरुस्ती करा.

*बोटांचे ठसे उमटत नाहीत.* वयस्कर माणसे आणि हाताने कष्टाची कामे करणारे यांना ही अडचण येते. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर ओटीपीने, नाहीतर डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या पडताळणीने काम होऊ शकते. मुलांचे आधार ५ व्या आणि १५ व्या वर्षी अद्ययावत करावे लागते, हेही विसरू नका.

*कार्ड गावाकडे राहिले.* पेठ, सुरगाण्याहून द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी, निफाडकडे येणाऱ्या कुटुंबांनी रेशनकार्डाच्या सर्व पानांचे आणि प्रत्येकाच्या आधारचे फोटो मोबाइलमध्ये ठेवावेत. मूळ कागद येईपर्यंत निदान क्रमांक तरी हाताशी राहतो. पत्ता दुसऱ्या तालुक्यातला आहे म्हणून पात्रता जात नाही.

७० वर्षे आणि त्यापुढील व्यक्ती

ऑक्टोबर २०२४ पासून अशा सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. येथे आधार आवश्यक आहे आणि वय त्यावरूनच धरले जाते. म्हणून जन्मतारीख चुकीची असेल तर ती आधी दुरुस्त करून घ्या.

रुग्णालयात गेल्यावर

१. दाखल होतानाच योजनेतून उपचार हवे आहेत असे सांगा आणि आरोग्यमित्राला भेटा. हे रुग्णालय आणि हा उपचार योजनेत बसतो का, तेही विचारा.
२. रेशनकार्ड, आधार (नसेल तर मतदार ओळखपत्रासारखे फोटो असलेले ओळखपत्र), डॉक्टरांची चिठ्ठी आणि रिपोर्ट द्या.
३. पूर्वमान्यता मिळाली का, याची खात्री करा. योजना रोकडरहित आहे. आधी भरलेले बिल नंतर परत मिळेल या भरवशावर राहू नका.

तातडीच्या वेळी: छातीत दुखणे, अपघात, पक्षाघात अशा प्रसंगी कागद शोधत घरी थांबू नका. रुग्णाला आधी रुग्णालयात न्या. तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालय फोनवरून मान्यता घेऊ शकते. कागदपत्रे त्यानंतर लवकरात लवकर द्यायची असतात.

मदतीसाठी: जन आरोग्य योजना १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००, आयुष्मान भारत १४५५५. नोंदणीसाठी आरोग्यमित्राला पैसे द्यावे लागत नाहीत. कोणी मागितले तर याच क्रमांकांवर तक्रार करा, आणि आधारचा ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नका.